वाकड्या झिरमिळ्या

माझ्या नावावर चार कादंबऱ्या आहेत आणि त्यांतल्या तीन नायिकांना मी यथासांग मारले आहे. सातवीची चाळीस मुले मी नुसत्या भुवईने गप्प करतो. तेव्हा मला भित्रा म्हणण्याचे धाडस सहसा कुणी करणार नाही. पण गेल्या वर्षी आश्विनात आमच्या बालवाडीच्या ताई रजेवर गेल्या, आठ दिवसांसाठी तो वर्ग माझ्या गळ्यात पडला, आणि त्यांनी ठेवलेल्या टोपलीत बोथट टोकांच्या चिमुकल्या कात्र्या दिसल्या, तेव्हा माझ्या पोटात गोळा उठला. तीन-साडेतीन वर्षांची बारा मुले, आणि प्रत्येकाच्या हाती कात्री!

आमच्या लहानपणी कात्रीचा मुक्काम फडताळाच्या सगळ्यांत वरच्या फळीवर असे. रिकामी कात्री वाजवली की घरात भांडण होते, असे आई म्हणे. आम्ही भावंडे कात्री न वाजवताही मनसोक्त भांडत होतो. पण तो धाक मनात बसला तो बसलाच.

टोपलीत ताईंची चिठ्ठी होती. ‘पहिले दोन दिवस कात्री देऊ नये. चिमट्याने चिंचोके उचलू द्यावेत, जुनी वर्तमानपत्रे फाडू द्यावीत.’ मला हसू आले. पण चिमटा उघडमीट करताना जी बोटे चालतात तीच कात्रीला लागतात, हे मुलांबरोबर चिंचोके उचलताना माझ्या ध्यानात आले. तिसऱ्या दिवशी आम्ही कणकेचे साप वळले आणि कात्रीने त्यांचे तुकडे केले. चौथ्या दिवशी कागद आला, तोही पोस्टकार्डासारखा जाड. पातळ कागद सोपा, अशी माझी समजूत होती. पण पातळ कागद पात्यांमध्ये दुमडतो, जाड कागद ताठ उभा राहतो. पट्टी बोटभरच रुंद घ्यायची, म्हणजे एका कचक्यात तुकडा पडतो. कात्री बसूनच चालवायची, अंगठा आभाळाकडे, आणि दुसऱ्याला देताना पाती मुठीत मिटून धरायची.

एका मुलाचा पहिला तुकडा खाली पडला. त्याने तुकड्याकडे पाहिले, कात्रीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. एकाचे दोन झाले होते आणि ते त्याने केले होते! माझी पहिली कादंबरी छापून आली तेव्हा माझा चेहरा इतका फुलला नव्हता.

फ्रोबेल या जर्मन शिक्षकाने १८३७ साली चिमुकल्यांसाठी शाळा काढली. पुढे त्याच्या बालोद्यानात मुलांच्या उद्योगांत कागद कातरणे हाही एक उद्योग झाला. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा गावात सहज मिळणाऱ्या वस्तूच मुलांच्या हाती दिल्या. हे सारे मी वाचलेले होते. पण वाचलेले हातात उतरायला वेळ लागतो, निदान माझ्या.

पाचव्या दिवशी पट्टीची एक कड कातरून कंदिलाच्या झिरमिळ्या करायच्या होत्या. दोन शेंड्या घातलेली एक चिमुरडी डाव्या हाताने कात्री चालवीत होती आणि तिचा जाड कागदसुद्धा दर वेळी पात्यांत दुमडत होता. मी दोनदा कात्री तिच्या उजव्या हातात दिली. तिने दोनदा ती मुकाट्याने डाव्यात घेतली. शेवटी मी म्हणालो, “आण इकडे, मीच देतो कापून.” आणि सरळ, देखण्या झिरमिळ्या कापून दिल्या. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि ती खिडकीबाहेर पाहत बसली.

ते पाहणे माझ्या ओळखीचे होते. माझा मुलगा चार वर्षांचा असताना दिवाळीत असाच माझ्याजवळ बसला होता. तोही डावखुरा. त्याच्या हाती मी दिला होता पतंगी कागद आणि घरातली मोठी कात्री. कागद चुरगळला तसा मी तो ओढून घेतला आणि म्हणालो, “आण इकडे.” कंदील सुरेख झाला, आळीत वाहवा झाली. त्यानंतर तो कंदिलाला कधी बसला नाही. आज तो अठरा वर्षांचा आहे. “माझा हातच वाकडा,” असे तो हसत सांगतो आणि आमच्याकडे कंदील बाजारातून येतो.

रात्री मी ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “गुरुजी, तिचा हात बरोबर आहे, कात्री उजवी आहे. नेहमीच्या कात्रीची पाती उजव्या हाताच्या दाबाने एकमेकांना चिकटतात, डाव्या हाताच्या दाबाने फाकतात. शिवाय वरचं पातं रेघेच्या आड येतं. टोपलीत तळाला लाल दोरा बांधलेली कात्री आहे, ती डावखुऱ्यांची. तिची पाती उलटी जोडलेली असतात. ती द्या, आणि तुम्ही जरा हात मागे बांधून बसा.”

दुसऱ्या दिवशी मी खरोखरच हात मागे बांधून बसलो. झिरमिळ्या वाकड्या झाल्या, एक तर मुळापासून तुटली. पण खिडकीकडे कुणी पाहिले नाही.

वसुबारसेला मुलगा वसतिगृहातून घरी आला. मी कामट्या, पतंगी कागद आणि मुद्दाम मागवलेली एक डावी कात्री ओटीवर मांडून ठेवली होती.

“झिरमिळ्या तू काप,” मी म्हणालो.

“बाबा, वाकड्या होतील.”

“होऊ देत.”

चौदा वर्षांपूर्वीची चूक कबूल करायची, असे मी ठरवून ठेवले होते. वाक्येही जुळवली होती. पण ऐन वेळी तोंडातून निघाले ते एवढेच, “खळ आटलीय वाटतं, पाणी घालून आणतो.” आणि मी स्वयंपाकघरात गेलो.

ओटीवरून कात्रीचा आवाज येऊ लागला. आधी थांबत थांबत, मग सलग. करंज्यांना मुरड घालता घालता सौभाग्यवतींनी कान टवकारले.

“अहो, रिकामी तर वाजत नाही ना?”

“नाही,” मी म्हणालो, “रिकामी नाही.”