ताब्याची सही

छठपूजा आटोपली की बिहार-झारखंडाकडून येणाऱ्या गाड्या पुन्हा भरतात. धनबादहून सुटणारी दीक्षाभूमी एक्स्प्रेस कोल्हापुरात पोचते तेव्हा उतरणाऱ्यांत शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या फाउंड्र्यांत आणि इचलकरंजीच्या मागांवर परतणारे कामगार असतात. त्यांच्यातच काही पोरं पहिल्यांदा आलेली असतात, चौदा-पंधरा-सोळा वर्षांची. आईबाप बरोबर नाहीत. खिशात एक फोन नंबर आणि ‘मामा घ्यायला येतील’ एवढा भरवसा. मामा आले नाहीत तर स्टेशनवरचा कोणी हमाल किंवा चहावाला रेल्वे पोलिसांना सांगतो, नाहीतर मुलांच्या हेल्पलाइनचा 1098 फिरवतो. या मुलांबरोबर आणि त्यांना न्यायला येणाऱ्या माणसांबरोबर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांवर देखरेख ठेवणं, शाहूपुरीतल्या एका छोट्या ऑफिसातून, हे माझं काम.

मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली 1891 मध्ये, आणि शाहू महाराजांनी शाहूपुरीची पेठ वसवली 1895 मध्ये. 1901 पासून महाराजांनी इथं वसतिगृहं उभी करायला घेतली, ती खेड्यापाड्यांतून एकट्यानं शिकायला येणाऱ्या मुलांसाठी. शिकायला आलेल्या एकट्या मुलाला या गावानं घर दिलं. कमवायला आलेलं एकटं मूल मात्र आपल्या डोळ्यांना इतकं सवयीचं झालंय, की टपरीवर ग्लास विसळताना ते दिसतच नाही.

कायद्याची चौकट थोडक्यात सांगते. 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार असं मूल सापडल्यापासून, प्रवासाचा वेळ वगळून, 24 तासांत बाल कल्याण समितीपुढे हजर करावं लागतं. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य. समिती मुलाची राहण्याची सोय करते आणि सामाजिक तपासणी अहवाल मागवते. त्याला आम्ही बोलीत एसआयआर म्हणतो. तो 15 दिवसांत द्यायचा असतो. मग मूल कोणाच्या ताब्यात द्यायचं, की त्याच्या जिल्ह्यातल्या समितीकडे पाठवायचं, हे ठरतं. कलम 74 प्रमाणे मुलाची ओळख उघड करता येत नाही, म्हणून इथं मी कोणा एका मुलाची गोष्ट सांगत नाहीये.

कार्यकर्त्याची खरी परीक्षा असते ती मामा येतो तेव्हा. दोन-तीन दिवस रडणारं, न जेवणारं पोरगं, आणि समोर कागद घेऊन उभा असलेला त्याचा माणूस. कोणाचाही जीव भांड्यात पडतो. मग मला फोन येतो : “ताई, आधार जुळतंय, व्हिडिओ कॉलवर आईनं भावाला ओळखलं. अजून काय पाहिजे?”

मी विचारते, “गाडीचं तिकीट कुणी काढलं? घरी उचल किती दिलीये? ती फेडायची कशी ठरलीये?”

पलीकडे बराच वेळ कोणी बोलत नाही. कारण मामा सख्खा असतो, आणि तोच मजूर पुरवणारा मुकादमही असतो. त्यात लबाडी असेलच असं नाही. गावात त्याच्याइतकं कोणी बाहेर पडलेलं नसतं, म्हणून बहिणीनंच पोराला त्याच्या हवाली केलेलं असतं. नातं खरं असलं म्हणून रात्रपाळी खोटी ठरत नाही. 2016 च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलांना, घरच्या उद्योगातली मदत असे मोजके अपवाद सोडले, तर कामावर ठेवता येत नाही, आणि चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोक्याच्या कामावर घेता येत नाही. वितळलेल्या लोखंडाजवळ सोळा वर्षांच्या मुलानं उभं राहणं मामाच्या मायेनं सुरक्षित होत नाही.

वयाचाही घोळ असतोच. आधारवर जन्मतारीख एक जानेवारी दिसली की मी फाइल परत पाठवते. कलम 94 मध्ये आधी शाळेचा दाखला, तो नसेल तर पालिका किंवा पंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी, असा क्रम आहे. आधार त्यात नाही.

पण संशय हासुद्धा आळशीपणाचा एक प्रकार असू शकतो, हे मी नव्या कार्यकर्त्यांना पहिल्याच आठवड्यात सांगते. त्यासाठी मनमाडचं प्रकरण त्यांच्यापुढे ठेवते. 30 मे 2023 रोजी दानापूर-पुणे एक्स्प्रेसमधून भुसावळ आणि मनमाडला 59 मुलांना उतरवून घेतलं गेलं. बिहारच्या अररिया भागातली ही मुलं सांगलीच्या मदरशात शिकायला निघाली होती. बरोबरच्या पाच जणांवर मानवी तस्करीचे गुन्हे दाखल झाले, ते काही आठवडे तुरुंगात राहिले. मुलं बारा दिवस बालगृहांत राहिली. मार्च 2024 मध्ये पोलिसांनीच गैरसमजातून गुन्हा नोंदवल्याचं सांगून प्रकरण बंद केलं. त्या बारा दिवसांत आठ-नऊ वर्षांच्या पोरांना काय वाटलं असेल, हे मला अजूनही छळतं. चौकशी करायलाच हवी होती. पण चौकशी म्हणजे आईबापांना फोन, मदरशाला भेट, मुलांशी त्यांच्या भाषेत बोलणं. टोपी आणि गर्दी पाहून काढलेला निष्कर्ष चौकशी नव्हे.

म्हणून एसआयआर वाचताना मी विशेषणांवर लाल रेघ मारते. ‘मुलगा खोटे बोलतो’, ‘मामा संशयास्पद’, ‘कुटुंब प्रेमळ’ : यातलं एकही वाक्य समितीच्या उपयोगाचं नाही. मुलगा काय म्हणाला ते त्याच्या शब्दांत लिही. मामाच्या खोलीत किती जण झोपतात, मुलाची पथारी कुठं असेल, दाराला आतून कडी आहे का, ते लिही. आणि हे विचारण्याआधी पोराला जेवू दे, झोपू दे. घर का सोडलंस, हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारायचाच नाही. त्याला मुलं पढवलेलं उत्तर देतात. गावाहून स्टेशनपर्यंत कोण आलं होतं असं विचारलं की बोलायला लागतात.

ताब्याची सही झाल्यावर काय, ही या कामाची सगळ्यात दुबळी जागा, आणि ती फक्त आपल्याकडेच नाही. अमेरिकेत सीमेवर एकट्या सापडलेल्या मुलांना तिथलं सरकार बहुधा नातेवाइकांच्याच हवाली करतं आणि महिन्याभरानं फोन करून विचारपूस करतं. 2023 मध्ये तिथल्या एका वृत्तपत्रानं उघड केलं, की दोन वर्षांत अशा 85 हजारांहून अधिक मुलांशी सरकारचा संपर्क होऊ शकला नव्हता. कितीतरी मुलं कारखान्यांत रात्रपाळ्या करत होती. पैसा, यंत्रणा, तपासण्या सगळं असूनही.

आपल्याकडे मूल गयेला किंवा अररियाला पोचवलं, तिथल्या समितीची पोच मिळाली, की फाइल कपाटात जाते. आमच्याकडे ती जात नाही. दर सोमवारच्या बैठकीत नव्या केसेसच्या आधी परत गेलेल्या मुलांची यादी घेतो. ज्या कार्यकर्त्याशी मूल बोलत होतं त्यानंच फोन करायचा, आणि आईशी वेगळं, मुलाशी वेगळं बोलायचं. शाळेत नाव घातलं का? उचलीचं काय झालं? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड. उचल फिटलेली नसेल तर पुढच्या हंगामात तेच पोरगं तुम्हाला दुसऱ्या स्टेशनवर भेटेल.

मिशन वात्सल्य या सरकारी योजनेत अशा मुलाला घरीच राहून शिकता यावं म्हणून महिना 4,000 रुपयांचं प्रायोजकत्व देता येतं. अर्ज तिकडच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षातून जावा लागतो. तो भरायला इथून मुलाबरोबर जाणाऱ्या कार्यकर्त्यानं एक दिवस जास्त थांबलं पाहिजे, आईला घेऊन त्या कक्षाच्या कचेरीत गेलं पाहिजे, अर्जाचा पोच क्रमांक घेऊन परत आलं पाहिजे. त्या एका दिवसाचा भत्ता मंजूर करून घेण्यासाठी मी दर वेळी पत्र लिहिते, आणि यंदाचं पत्रही छठच्या आधीच पाठवलं आहे.