ओल

आमच्या घरात खुर्ची एकच आहे आणि ती पाहुण्यांसाठी. बाकी सारे जमिनीवर चालते. जेवण जमिनीवर, झोप जमिनीवर, धाकटीचा अभ्यास जमिनीवर आणि माझ्या पुस्तकांची लाकडी पेटीही जमिनीवरच. ही जमीन मातीची. आजोबांनी मुरूम टाकून, धुम्मसाने ठोकून केलेली. आई ती दर आठवड्याला शेणाने सारवते.

विदर्भातला मे महिना ज्यांनी पाहिला आहे त्यांना पत्र्याच्या घराचे वर्णन सांगायला नको. पारा ४५ अंशांवर गेला की रात्रीही भिंती तापलेल्याच असतात. म्हणून बाबांनी एका वर्षी जुना लोखंडी कूलर विकत आणला.

कूलर हे साधेच यंत्र. खाली पत्र्याची टाकी, तीन बाजूंना गवताच्या ताट्या, आत पंखा आणि लहानसा पंप. पंप पाणी वर चढवतो, ते गवतावरून झिरपते आणि पंखा त्या ओल्या गवतातून कोरडी हवा ओढतो. पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता खर्ची पडते. हवा जितकी कोरडी तितका गारवा जास्त. त्यामुळे हे यंत्र अकोल्या-नागपूरला शोभते, मुंबईला नाही. मुंबईकरांपुढे मिरवण्याजोगी आमच्याकडे एवढी एकच गोष्ट असावी!

पण आमचा कूलर गळू लागला. दुकानदार म्हणाला, "खाली ट्रे ठेवा, फरशी पुसत जा." त्याच्या डोळ्यांपुढे फरशी होती. मातीची जमीन पुसता येत नाही, ती पाणी पिते. आधी सारवण फुगले, मग पोपडे निघाले. कूलरचा एक पाय रुतला, टाकी कलली आणि कललेल्या बाजूने पाणी आणखीच सांडू लागले. आई रोज सकाळी त्या खड्ड्यात मुरूम भरी. "हा कूलर हाय का नळ?" आजी विचारी. नळाला पाणी दोन दिवसांआड येते, हे तिच्या बोलण्यात अध्याहृत होते.

पुस्तकांच्या पेटीला वाळवी लागली ती त्याच उन्हाळ्यात. तिला ओल आणि लाकूड एकाच जागी मिळाले. इतिहासाच्या पुस्तकाचा तळ तिने पार पोखरला. तरी मला खरी भीती बसली ती धाकटीमुळे. रात्री पाणी प्यायला उठली असता तिचा हात कूलरला लागला आणि झिणझिण्या आल्या म्हणून ती ओरडली. ओली जमीन, अनवाणी पाय आणि लोखंडी टाकी! आमच्या भागात कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याची बातमी उन्हाळ्यात नवी नसते.

बाबांनी दुसऱ्या दिवशी कूलर उघडला. टाकी पुसून कोरडी केली, खाली चुलीची राख पसरली आणि थोडे थोडे पाणी ओतत गेले. राख जिथे आधी काळी पडली तिथे वर गंजलेला सांधा सापडला. तो घासून आतून डांबर लावले. वरच्या नळीची दोन भोके गवताऐवजी बाहेर तोंड करून होती, ती वळवली. वायरमनकडून नवी वायर आणि अर्थिंग करून घेतले. आता पिन काढल्याशिवाय टाकीत पाणी भरायचे नाही, असा घरात कायदा आहे आणि आजीसुद्धा तो पाळते.

शेवटी खिडकी मोठी करून कूलर बाहेर लोखंडी घोडीवर चढवला. बाहेरच्या अंगाला किंचित उतार दिला. दिवाळीपूर्वी आईने सगळी जमीन उकरून नव्याने चोपली. तिला चार दिवस लागले. हाताला फोड आले होते, पण तिने कुणाला धुम्मस धरू दिले नाही.

बाहेरच्या भिंतीचा खालचा हातभर भाग मात्र अजून ओला दिसतो. तिथून परसातल्या अळवापर्यंत चर काढायचा आहे. माझी परीक्षा संपली की बाबा आणि मी ते काम हाती घेऊ.