एका टेबलावरचे दोन स्क्रीन

२०२०च्या टाळेबंदीत पुण्याहून आपल्या भागात परतलेली मुले आपले ऑफिस बॅगेत घालून घेऊन आली. पुढे काही परत गेली. काही मात्र आजही महिन्यातले बरेच दिवस बीड, अंबाजोगाई, माजलगावच्या घरांतूनच काम करतात. त्यांच्यामुळे घरात एक मोठे टेबल, त्यावर दोन स्क्रीन आणि पायाशी वायरींचा गुंता आला. घरातल्या वडीलधाऱ्यांचा याच्याशी काय संबंध, असे कोणाला वाटेल. मला तो दवाखान्यात बसून दिसला.

आमच्याकडे डोळ्यातल्या दृष्टिपटलाला रुग्ण ‘पडदा’ म्हणतात. म्हणून गोंधळ नको, संगणकाच्या पडद्याला मी येथे स्क्रीनच म्हणते.

अंबाजोगाईचे एक निवृत्त शिक्षक माझे जुने रुग्ण आहेत. वयोमानाने त्यांच्या दृष्टिपटलाचा मध्यभाग झिजला आहे. कडेचे दिसते, त्यामुळे घरात ते विनासायास वावरतात. पण समोरच्याचा चेहरा आणि छापील अक्षर धूसर होते. वर्तमानपत्र सुटले, तेव्हा मुलाने २४ इंची स्क्रीन जोडून दिला. अक्षर अंगठ्याएवढे करून सर रोज दोन-तीन तास वाचू लागले. नंतर मुलगाच घरून काम करू लागला. त्याने आणखी एक स्क्रीन आणला, दोन्ही कंपनीच्या लॅपटॉपला जोडले आणि सरांचा संगणक कोपऱ्यात झाकला गेला. मुलाच्या मनात दुजाभाव नव्हता. सरांनीच कधी मागितले नाही. “त्याची नोकरी आहे मॅडम, माझा तर विरंगुळा,” एवढेच ते मला म्हणाले, तेही त्यांच्या पत्नीने विषय काढल्यावर. ते आले होते झोप लागत नाही आणि जेवण जात नाही म्हणून. रक्तदाब, साखर, थायरॉइड सारे ठीक होते. उतारवयात दृष्टी उणावली की एकटेपणा आणि उदासी पाठोपाठ येते, हे वैद्यकशास्त्राला चांगले ठाऊक आहे. त्यात उरलेले वाचनही गेले, तर काय होणार? त्या दिवशी औषधांच्या चिठ्ठीवर मी एक केबलही लिहून दिली.

उपाय खर्चाचा नाही. बहुतेक स्क्रीनच्या मागे एकाहून अधिक जोडण्या असतात : एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट, जुन्यांत व्हीजीए. एकीत मुलाचा लॅपटॉप आणि दुसरीत वडिलांचा संगणक कायमचा जोडून ठेवावा. स्क्रीनच्या बटणाने ‘इनपुट’ किंवा ‘सोर्स’ बदलले की तोच स्क्रीन दुसऱ्याचा होतो. रोज वायरी उपसाव्या लागत नाहीत. पण हे बटण बहुधा स्क्रीनच्या खालच्या कडेला दडलेले असते आणि त्यावरची यादी बारीक इंग्रजी अक्षरांत असते. मंद दृष्टीच्या माणसाला ते जमत नाही, आणि दर वेळी मुलाला हाक मारायची म्हणजे पुन्हा मागणे आलेच. त्यासाठी केव्हीएम स्विच नावाची पेटी मिळते. तिचे एक बटण दाबले की स्क्रीन, कीबोर्ड आणि माऊस तिन्ही एका संगणकावरून दुसऱ्याकडे जातात. घेताना ‘दोन स्क्रीनसाठीची’ असे स्पष्ट सांगावे. साधी पेटी एकच स्क्रीन बदलते.

सरांच्या घरी पेटीचीही गरज पडली नाही. लॅपटॉपचा स्वतःचा स्क्रीन असतोच. त्यामुळे दिवसा डावा स्क्रीन सरांना दिला तरी मुलाकडे दोन उरतात. सरांचे काम संपले की डावा पुन्हा त्याचा. दोन गोष्टी मात्र कराव्या लागल्या. स्क्रीन आपोआप ‘इनपुट’ शोधण्याची सोय बंद केली, नाहीतर सरांचा संगणक जरा झोपला की स्क्रीन मुलाच्या कामावर उडी मारी. आणि स्क्रीन सरांकडे असला तरी लॅपटॉप तो आपलाच समजतो व काही खिडक्या तिकडे अदृश्य होतात. तेव्हा लॅपटॉपच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन तेवढा डावा स्क्रीन ‘डिस्कनेक्ट’ करायचा. कंपनीच्या लॅपटॉपवरच वडिलांचे वाचन आणि आजाराचे अहवाल उघडण्याची सोपी वाट मी सुचवणार नाही. मीटिंगमध्ये स्क्रीन दाखवताना आईचा रक्ताचा अहवाल चार अनोळखी माणसांसमोर यायला वेळ लागत नाही.

दासोपंतांनी याच गावात सुमारे ४० फूट लांब पासोडीवर लिहिले, आणि आम्ही बापलेक २४ इंचांची वाटणी करतो, असे सर आता हसून सांगतात.

स्क्रीन वाटला तरी उंची वाटता येत नाही. मुलासाठी स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत ठीक असते. दुहेरी भिंगाचा चष्मा लावणारा माणूस मात्र खालच्या भिंगातून बघण्यासाठी हनुवटी उचलतो, मान मागे टाकतो, आणि संध्याकाळी मानेला मलम मागतो. त्याच्यासाठी स्क्रीन बराच खाली आणि किंचित मागे कललेला हवा. टेबलाला आवळून बसणारा फिरता स्टँड घेतला तर हे दोन बोटांनी साधते. वाचनाचे भिंग साधारण ३५-४० सेंटिमीटरसाठी असते, स्क्रीन त्याहून दूर. म्हणून मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांनीही नेत्रतज्ज्ञांकडून स्क्रीनच्या अंतराचा वेगळा चष्मा करून घ्यावा. मंद दृष्टीच्या माणसाने स्क्रीनजवळ सरकून वाचले तर डोळे बिघडत नाहीत. त्यांना टोकू नका. विंडोज आणि अधिकचे चिन्ह एकत्र दाबले की भिंग उघडते. काळ्यावर पांढरे अक्षर अनेकांना सोपे जाते. आणि वायरी भिंतीकडेने पट्टीत बांधा. खुब्याचे हाड मोडायला एक वायर पुरते.

स्क्रीनवरची सरळ ओळ वाकडी किंवा मध्येच तुटलेली दिसू लागली, तर तो दुरुस्तीला पाठवण्याआधी एक डोळा झाका, मग दुसरा. एकाच डोळ्याने ओळ वाकडी दिसत असेल, तर स्क्रीन धड आहे. अशा वेळी आठवड्याच्या बाजाराची वाट न पाहता, अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या नेत्ररोग विभागात किंवा जवळच्या नेत्रतज्ज्ञांकडे एक-दोन दिवसांतच जा.