फुले सांभाळणारी स्मृतिशिला

आमच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकीण आजी गावच्या दफनभूमीत विसावल्या आहेत. मुलांनी वाहिलेली फुले तेथे शेळ्या खात, वारा उधळून नेई. म्हणून स्मृतिशिला घडविताना आम्ही भाजे लेण्यांतील १४ स्मारक-स्तूपांचा आदर्श घेतला. त्यांपैकी काहींवर दिवंगत स्थविरांची नावे कोरलेली आहेत.

पाथरवटाकडून लहानसा स्तूप घडविला. त्याच्या पोटात फुलांसाठी खोल कोनाडा, तळाशी पाणी निथळण्यास छिद्र, पुढे दगडी वेदिका. खाली आजींचे नाव कोरले. कारण रांधणाऱ्या हातांची नोंद इतिहासाने क्वचितच ठेवली.

फूल कोमेजणारच, हे आपण बुद्धपूजेत नित्य स्मरतो. परंतु कृतज्ञतेने वाहिलेले फूल पायदळी जाऊ नये, एवढी काळजी आपल्या हाती आहे.