बोलावणारी मांजर आणि दिव्याचं तेल

मांजर आडवं गेलं की चार पावलं मागे येणारी मी, आणि टोकियोला जाऊन शेकडो मांजरींना हात जोडून आले! यांचं तिकडे कंपनीचं काम निघालं, माझ्या शाळेला दिवाळीची सुटी होती. सासूबाईंना नणंदेकडे ठेवून आठ दिवसांसाठी मीही निघाले.

टोकियोच्या सेतागाया भागात गोतोकुजी नावाचं बौद्ध मंदिर आहे. गर्द झाडी, स्वच्छ अंगण, आणि एका बाजूला दाटीवाटीनं मांडलेल्या पांढऱ्याशुभ्र मांजरी! प्रत्येकीचा उजवा पंजा वर, गळ्यात लाल पट्टा. यांना म्हणतात ‘मानेकीनेको’, म्हणजे बोलावणारी मांजर. तळवा खाली करून ‘इकडे ये’ म्हणायची रीत तिथेही आपल्यासारखीच, त्यामुळे मला तो पंजा लगेच कळला. भाविक मूर्ती घरी नेतात आणि इच्छा पुरी झाली की परत आणून ठेवतात. आपला नवस फेडण्याचाच प्रकार म्हणा ना!

कथा सतराव्या शतकातली. हिकोनेचे सरदार ईई नाओताका शिकारीहून परतत होते. या गरीब देवळाच्या दारातल्या मांजरीनं पंजा हलवून त्यांना बोलावलं. ते आत गेले आणि विजांचा कडकडाट होऊन पाऊस कोसळू लागला. सरदार खूश झाले, देवळाचं भाग्य उजळलं. 1633 साली ते ईई घराण्याचं मंदिर झालं. त्या घराण्याच्या समाध्या आजही तिथे आहेत.

पण मैत्रिणींनो, याच देशात मांजरीची भीतीही तेवढीच! मांजर फार म्हातारी झाली की तिची ‘बाकेनेको’ होते, म्हणजे रूप पालटणारी भुताळी मांजर. शेपटीची दोन टोकं झाली तर ती ‘नेकोमाता’. ती डोक्यावर फडकं घेऊन नाचते, माणसाचं रूप घेते, आणि गोष्टींमध्ये बहुतेकदा घरातल्या म्हातारीचंच!

कुनियोशी नावाचा मांजरवेडा चित्रकार 1861 साली वारला. त्याच्या चित्रांचं पुस्तक एका दुकानात चाळायला मिळालं. 1835 च्या एका चित्रात नाटकातला प्रसंग आहे. मधोमध मांजरीची म्हातारी झालेली, मागे अक्राळविक्राळ मांजर, दुशेपटी मांजरी नाचताहेत, आणि दिव्याच्या कागदी आवरणावर तेल चाटणाऱ्या मांजरीची सावली. रात्री दिव्याचं तेल चाटणं ही म्हणे भुताळी मांजरीची खूण!

त्याचं कारण कळलं आणि मी गप्पच झाले. त्या काळी गरिबाघरी माशाचं स्वस्त तेल जाळत. घरातलं जेवण भात-भाजीचं, मांजरीच्या वाट्याला तेच उरलंसुरलं. मांस-मासळीवाचून तिचं भागत नाही, म्हणून ती बिचारी मागच्या पायांवर उभी राहून दिवा चाटायची. भिंतीवर सावली मोठी पडायची आणि लोक घाबरायचे. होती भूक, आणि नाव पडलं भुताचं!

मला घरची एक रात्र आठवली. दीडच्या सुमारास स्वयंपाकघरात खुडबुड झाली म्हणून मी दिवा लावला, तर सासूबाई डब्यात हात घालून उभ्या. मी फाडकन बोलले, “हे काय आई, चोरासारखं?” त्या काही न बोलता, लाडू तसाच ठेवून निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी शेजारणीला हसत हसत सांगितलंसुद्धा मी! त्यांना संध्याकाळी सातलाच थोडंसं वाढून आम्ही दहाला जेवतो, मग रात्री त्यांना भूक लागत असेल, हे काही मनात आलं नव्हतं.

परतताना मंदिरातून एक छोटी मूर्ती घेतली. आईंच्या हातात दिली तर म्हणाल्या, “ही कोणाला बोलावतेय गं?”

“तुम्हालाच, जेवायला,” मी म्हटलं.

आता आम्ही सगळे आठला एकत्र बसतो. आणि त्यांच्या उशाशी झाकणाच्या वाटीत राजगिऱ्याचे दोन लाडू असतात. सकाळी वाटी रिकामी दिसली की मला बरं वाटतं.