स्कॅनर घ्यायला गेलो, रेडिओ घेऊन आलो

माझ्या टेबलावर नवा रेडिओ दिसल्यापासून टपरीवर एकच प्रश्न येतोय. "काय पत्रकार, आता घरबसल्या पोलिसांचा वायरलेस ऐकणार का?"

ऐकायचाच होता, खोटं कशाला बोलू.

डिप्लोमा करून गावी आलो तेव्हा निम्म्या बातम्या पोलीस ठाण्यातल्या वायरलेसच्या खोलीबाहेर बाकड्यावर बसून मिळायच्या. आधी खर्रखर्र, मग एक आवाज, की समजायचं हायवेला कुठंतरी टँकर उलटलाय. हवालदार दार लोटून घ्यायचे, पण आवाज कुठं पूर्ण अडतो! पुढं कधीतरी अमेरिकेतल्या बातमीदाराच्या टेबलावरचा स्कॅनर व्हिडिओत बघितला आणि डोक्यात किडा शिरला. जेवणाच्या डब्याएवढं यंत्र असतं. एकामागून एक फ्रिक्वेन्सी चाळत जातं, बोलणं सापडलं की थांबतं, ते संपलं की पुढं सरकतं. पोलीस, अग्निशमन, अॅम्ब्युलन्स, सगळं. तिथं बहुतेक राज्यांत घरी बसून ते ऐकायला बंदी नाही.

दिवाळीनंतर पुण्याला गेलो तेव्हा तपकीर गल्लीत शिरलो. एका दुकानातल्या पोरानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, हॅमचा परवाना आहे?"

"नाही, पण मी प्रेसमध्ये आहे."

"मग तर नकोच," म्हणाला.

परत येताना एसटीत बसून कायदा वाचला. (आधी वाचायला हवा होता, मान्य.) आपल्याकडे 1933च्या वायरलेस कायद्यात असलं यंत्र परवान्याशिवाय नुसतं बाळगणं हासुद्धा गुन्हा होता. आता 2023चा दूरसंचार कायदा आलाय. त्यात दुसऱ्याचा संदेश बेकायदा मध्येच पकडला तर 3 वर्षांपर्यंत कैद, 2 कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पत्रकाराच्या ओळखपत्राला इथं काडीची किंमत नाही. आणि नीट विचार केला तर ते बरोबरच आहे. त्या वायरलेसवर कुणाच्या तरी मुलीचं नाव असतं, पत्ता असतो. आपली बातमी होते आणि त्या घराची जन्माची बदनामी.

पण मला स्कॅनर हवा होता तो टँकरसाठी नव्हता. तो ऑगस्ट 2019च्या महापुरातल्या एका रात्रीसाठी हवा होता.

त्या रात्री व्हॉट्सअॅपवर एक आवाजी मेसेज फिरला, धरणाला भगदाड पडलं म्हणून. तो सगळ्या मोबाइलमध्ये पोचला आणि त्यानंतर नेटवर्क गेलं. म्हणजे अफवा पोचली, खातरजमा करायची सोय मात्र बुडाली. रात्री दोनला गल्लीतली निम्मी माणसं पोरंबाळं आणि म्हशी घेऊन टेकाडाकडं निघाली. शेजारच्या आक्का माझ्या दारात येऊन म्हणाल्या, "दादा, तू पेपरात हाईस. खरं काय रं?"

मला माहीत नव्हतं. वीस वर्षं बातम्या देणारा माणूस, आणि मी आक्कांना म्हणालो, "निघा तुम्ही." धरण शाबूत होतं. ते ठाण्यातल्या वायरलेसवर कळलेलं होतं, पण ठाण्यापर्यंत जायचा रस्ता पाण्याखाली. आक्का अंधारात चिखलात पडल्या, मनगट मोडलं. अजून भेटल्या की त्या हसतात, मी बघतो दुसरीकडं.

असो. तर स्कॅनर बारगळला आणि मी सेलवर चालणारा साधा टेबल रेडिओ घेतला. मीडियम वेव्ह, शॉर्टवेव्ह, एफएम. याला परवाना लागत नाही. आमच्या आजोबांकडं रेडिओच्या लायसन्सचं पोस्टातलं पुस्तक होतं, ते प्रकरण ऐंशीच्या दशकात संपलं.

पहिल्या रात्री नुसती घरघर. यंत्र खराब म्हणून परत करायला निघालो होतो. मग वीज गेली आणि एकदम स्वच्छ आवाज! तेव्हा ट्यूब पेटली. एलईडी बल्ब, मोबाइलचा चार्जर, इन्व्हर्टर, हे सगळे रेडिओचे वैरी. आता रात्री ऐकायला बसलो की मी चार्जर काढत हिंडतो आणि बायको म्हणते, "अहो, फ्रिज तरी राहू द्या." शॉर्टवेव्हसाठी गॅलरीतून नारळापर्यंत दहा मीटर साधी वायर ताणली, फरक लगेच कळला. वीज कडाडायला लागली की ती वायर आधी सोडवायची, हे मात्र विसरू नका. मीडियम वेव्हला दिवसा जवळचीच केंद्रं लागतात, दूरची रात्री येतात, कारण दिवसा आकाशातला एक थर त्या लहरी गिळतो. आकाशवाणीनं गेल्या काही वर्षांत मीडियम वेव्हचे कित्येक ट्रान्समीटर बंद केलेत, त्यामुळं काटा फिरवताना मोकळ्या जागा फार लागतात.

सकाळी सात मेगाहर्ट्झच्या आसपास बदकं बोलल्यासारखा आवाज येतो. ते हॅम मंडळींचं बोलणं, साध्या रेडिओवर ते असंच ऐकू येतं. तालुक्यात एक निवृत्त गुरुजी परवानाधारक हॅम आहेत, त्यांच्या घरी ते माणसाच्या आवाजात ऐकलं. त्यांच्या सेटवर 144 ते 146 मेगाहर्ट्झ स्कॅन लावून ठेवलेलं असतं. खर्रखर्र दाबायचं एक बटण असतं, स्क्वेल्च. ते जास्त फिरवलं तर लांबचा बारीक आवाजही मरतो, हे त्यांनी मला तीनदा करून दाखवलं. मी हळूच पोलिसांचं विचारलं. गुरुजी म्हणाले, "यंत्राला कान आहेत हो, मला परवानगी नाही."

त्यांनीच अंदमानची गोष्ट सांगितली. 26 डिसेंबर 2004ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हौशी रेडिओसाठीच पोर्ट ब्लेअरला होते. फोन कोलमडले. मग याच लोकांनी रेडिओवरून अडकलेल्यांची खुशाली मुख्य भूमीवर पोचवली.

अमेरिकेतही आता दार लोटणं सुरू आहे. न्यूयॉर्क पोलिसांनी 2023 पासून आपला रेडिओ कूटबद्ध करायला घेतला, तिथले पत्रकार त्यावर भांडतायत. मला आपल्या पोलिसांचा वायरलेस नकोच. मला एवढंच हवंय की नेटवर्क गेलं की धरणातून किती पाणी सोडलंय आणि कुठला पूल बंद आहे हे दर तासाला रेडिओवरून सांगितलं जावं, आणि कुठल्या केंद्रावरून ते पावसाळ्याआधी गावोगाव फळ्यावर लिहिलेलं असावं.

उन्हाळ्यात एका सरकारी कचेरीत लेखी विचारलं: मोबाइल बंद पडल्यावर लोकांना सूचना कशी देणार? उत्तर आलं. त्यात एक फोन नंबर आहे आणि व्हॉट्सअॅप ग्रुपची लिंक.

दुसरा अर्ज सोमवारी देतोय. गुरुजींची सही झाली, आक्कांनी डाव्या हातानं केली. अजून कुणाला करायची असेल तर सकाळी दहाला टपरीवर या. आणि घरात जुना रेडिओ पडला असेल तर मागचं झाकण उघडून बघा, सेल गळालेले असणार.