जिकॉव्ह पेटीत गेला

जुन्या गाडीला तिचाच काब्रेटर हवा, या मताचा मी इतका कट्टर होतो की डिचोलीत कुणी जावा-येझदीला मिकुनी बसवला, तर त्याच्या गाडीकडे मी बघायचोही नाही. आज माझ्याच जावाला मिकुनी आहे. मित्रांचं टोमणे मारून झालं. आता माझी बाजू.

म्हैसूरच्या आयडियल जावाने १९६१ पासून या गाड्या काढल्या, १९७३ मध्ये त्यांना येझदी हे नाव मिळालं आणि १९९६ मध्ये कारखान्याला टाळं लागलं. त्यांच्या जिकॉव्ह पद्धतीच्या काब्रेटरला टिकलर असतो. गाडी थंड असली की तो दाबून धरायचा. फ्लोट खाली जातो, पेट्रोल भरतं, ओघळ दिसला की किक मारायची. गाडी सुरू करायची रीतच पेट्रोल सांडण्याची, मग उभ्या गाडीखालच्या डागाचं कोणाला काय वाटणार? ‘जावा आहे, ओव्हर मारणारच, कॉक बंद कर,’ असं मीही नव्या पोरांना सांगायचो. त्यात थोडा रुबाबही होता.

माझं मत हललं ते दसऱ्याला. पावसाळाभर झाकून ठेवलेली गाडी धुतली, झेंडूचा हार घातला आणि कॉक उघडा ठेवूनच ओट्याशी उभी केली. बायको निरांजन घेऊन पुढे झाली तेवढ्यात पेट्रोलचा वास आला. टिकलरच्या भोकातून धार लागली होती. निरांजन आत नेलं. त्यानंतर मात्र ‘जावाचा स्वभावच तो’ हे वाक्य मला स्वतःशीही म्हणवेना.

फ्लोट चेंबरचं झाकण काढलं. तळाला लालसर गाळ. डिचोलीत लाल काही दिसलं की खाणींच्या नावाने बोटं मोडायची आमची खोड. पण २०१२ मध्ये खाणी थांबल्या होत्या, तेव्हाही हा गाळ येतच होता. तो टाकीचाच गंज. टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी चार महिने गोव्याच्या दमट हवेत उभी असते आणि हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल ओलावा ओढून घेतं. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल २०२३ पासून पंपांवर येऊ लागलं. पण गळतीचं सगळं खापर त्याच्यावर फोडणाऱ्यांतला मी नाही. आधी टाकीत बॅटरी मारून बघावं.

पितळी फ्लोट कानाशी धरून हलवला. आत खळखळ नाही, म्हणजे भोक नाही. पेट्रोल अडवणारी पिन उन्हात धरली तेव्हा चोर सापडला: निमुळत्या टोकाभोवती नखाला लागेल अशी गोल चर. तिथे गंजाचा कण अडकला की पेट्रोल थांबत नाही आणि कण काढला तरी चर थांबू देत नाही. पिन सीटवर घासून बसवली. काही दिवस बरे गेले. नवी म्हणून मिळालेली पिन तर सीटवर सरळ बसेचना. पेडण्याच्या मेकॅनिकने ती हातात फिरवून बघितली आणि विचारलं, ‘बाब, गाडी चलोवपाची काय पुजपाची?’

मला राग आला होता. पण उत्तर ‘चालवायची’ असंच होतं.

मिकुनी बसवणं म्हणजे दोन बोल्टचं काम नव्हे. अ‍ॅडॅप्टर करून घ्यावा लागला, तो हवा ओढू लागला, गाडी उगीचच रेस घेऊ लागली; मग गॅसकेट बदललं. जेट बदलत, प्लगचा रंग तांबूस येईपर्यंत मोपाच्या रस्त्यावर हेलपाटे घातले. पण मिकुनीच्या पिनेचं टोक रबरी आहे, सीटला घट्ट बसतं, इथेनॉलचं त्याला वावडं नाही. टाकी आतून साफ केली, कडक झालेली नळी बदलली आणि ज्या प्लॅस्टिकच्या फिल्टरला मी ‘सलाइनची बाटली’ म्हणायचो तो कॉकखाली लावला. दिसतो वाईटच.

आवाज बदलला का? थोडा बदलला, मला तरी तसं वाटतं. टिकलर दाबताना बोटाला येणारा पेट्रोलचा वास गेला, त्याची हळहळ आहे. जिकॉव्ह तेल लावून, कापडात गुंडाळून पेटीत ठेवलाय, विकणार नाही. फक्त प्रदर्शनात गाडी उभी करणाऱ्याने जिकॉव्ह खुशाल ठेवावा, टाकी आणि चेंबर कोरडे करून. पण साखळीहून पेडण्याला रोज ये-जा करणारा कुणी विचारायला आला, तर त्याला मी त्या पेडण्याच्या मेकॅनिकचा पत्ता देतो.